दुखतंय, हे सांगायचं कुणाला?

१६ मे २०१८ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. मनीषा धुर्वे, परमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम ही त्यांची नावं. त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ती घेतली. अशा वेळी छापून येणारे मथळे आपल्याला पाठ असतात. ‘जिद्दीच्या जोरावर’, ‘परिस्थितीवर मात करत’ वगैरे. जिद्दीबद्दल माझी तक्रार नाही. ती नसती तर ही मुलं पहिल्या शिबिरातूनच घरी परतली असती. पण नुसती जिद्द सांगितली की दोन गोष्टी गळतात. शिखराआधीचे नऊ महिने गळतात, आणि यांच्याबरोबर निघालेली पण माथ्यापर्यंत न पोचलेली आणखी पाच मुलंही गळतात. मोहीम दहा जणांची होती.

खेळाडू घडतो तेव्हा त्यात त्याचं स्वतःचं किती आणि मागे उभ्या राहिलेल्यांचं किती? अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलने या प्रश्नावर शंभर वर्षं आणि अमाप पैसा घातला आहे. तिकडे आपण जाणारच आहोत. पण सुरुवात या मुलांच्या जिवतीच्या डोंगरावरून केलेली बरी, कारण एव्हरेस्टवर चुकलेला डाव पुन्हा मांडता येत नाही, आणि कुणाचं काम कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे तिथे लख्ख दिसतं.

चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरही उंच नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्याची इथे कुणाला बातमी वाटत नाही. शहराच्या दक्षिणेला राजुरा, त्याच्या पुढे माणिकगडच्या डोंगरांवर जिवती, आणि डोंगर उतरला की तेलंगणा. गोंड, कोलाम, बंजारा अशी इथली वस्ती. घरात गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोली, बाजारात तेलुगू, शाळेत मराठी. बोर्डा, देवाडा आणि जिवती इथल्या आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांमधून मोहिमेची मुलं निवडली गेली. बर्फ त्यांनी पाहिला असेल तर लग्नाच्या मांडवातल्या सरबतात.

कल्पना अगदीच हवेतून आली नव्हती. शेजारच्या तेलंगणात चार वर्षांपूर्वी असंच घडलं होतं. २५ मे २०१४ रोजी निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा एव्हरेस्टवर पोचली तेव्हा तिला चौदावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. तीही सरकारी निवासी शाळेची विद्यार्थिनी होती. शेतमजुराच्या पोरीला जे जमलं ते आपल्या पोरांना का जमू नये, हा विचार सीमेच्या अलीकडे येणारच होता. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांनी मिळून ‘मिशन शौर्य’ आखलं. आशुतोष सलील तेव्हा जिल्हाधिकारी होते. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रशिक्षण सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख असे त्याचे टप्पे होते.

या टप्प्यांचा क्रम नीट बघण्यासारखा आहे. वर्धा म्हणजे घराच्या जवळ, ओळखीच्या हवेत. हैदराबादच्या आसपास दख्खनचे उघडे खडक आहेत. तिथे हाताची पकड तयार होते, दोरावर विश्वास ठेवायची सवय लागते. दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे. १९५४ साली ती स्थापन झाली आणि तेनसिंग नोर्गे तिथल्या प्रत्यक्ष गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख होते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. नुसतं तिथे उतरलं तरी पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागते. प्रत्येक टप्प्यावर एकेक अनोळखी गोष्ट वाढत गेली. आधी खडक, मग बर्फ, मग थंडी आणि विरळ हवा. सगळं एकदम अंगावर घातलं असतं तर दहा काय, एकही मूल टिकलं नसतं.

आता शरीराकडे वळू. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, पण एका श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजन तेवढाच कमी. उंचीवर गेल्याबरोबर श्वास आणि नाडी वाढते, हा शरीराचा तात्पुरता उपाय. खरी तयारी सावकाश होते. मूत्रपिंडातून एक संप्रेरक सुटतं, ते हाडांतल्या मगजाला जादा तांबड्या पेशी बनवायला लावतं, आणि या कामाला काही आठवडे लागतात. वर जायचं, खाली येऊन झोपायचं, पुन्हा थोडं आणखी वर जायचं, असं करत शरीर वाकवावं लागतं. यात जिद्दीचा काडीचा उपयोग नाही. कितीही मनावर घेतलं म्हणून अस्थिमज्जा लवकर काम करत नाही. इथे खेळाडूला लागतो वेळ, आणि तो वेळ विकत घ्यावा लागतो. कुणीतरी शिबिराचा खर्च करायचा, परवाने काढायचे, शाळेतली हजेरी सांभाळून घ्यायची, शेर्पांनी दोर बांधायचे आणि ऑक्सिजनच्या नळकांड्या वर पोचवायच्या. मोहिमेच्या खर्चाचा मोठा वाटा या वाट बघण्यातच जातो.

मग मुलाचं स्वतःचं काय उरलं? चालणं उरलं, हे उघड आहे. आठ हजार मीटरच्या वर तुमचं पाऊल दुसरा कुणी उचलत नाही. पण माझ्या मते चालण्याहून मोठी, पूर्णपणे त्याचीच अशी एक जबाबदारी असते, आणि कौतुकाच्या बातम्यांत ती कधी येत नाही. आपल्याला काय होतंय हे वेळेवर आणि खरं सांगणं.

उंचीवरचा आजार डोकेदुखीने सुरू होतो. भूक जाते, मळमळतं, झोप लागत नाही. गिर्यारोहणात साधा नियम आहे की उंचीवर डोकं दुखलं तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच आजार समजायचा. आणखी वर जायचं नाही, आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. दुर्लक्ष केलं तर मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी भरतं, आणि मग काही तासांचा खेळ उरतो. बोटाला लावायचं यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवतं. डोकं दुखतंय हे ते दाखवत नाही. हातमोजा आतून ओला झालाय, पायाची दोन बोटं सकाळपासून जाणवत नाहीत, काल रात्रीचं जेवण उलटून पडलं, हे फक्त ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. जगातला सर्वांत हुशार प्रशिक्षक शेजारी उभा असला तरी हे कळायचा एकच मार्ग आहे, आणि तो त्या पोराच्या तोंडून जातो.

आता आश्रमशाळेतलं पोर डोळ्यांपुढे आणा. पहिलीपासून वसतिगृहात, आईबापांपासून दूर. घरची बोली वेगळी, सरांची वेगळी. दुखलं-खुपलं तर ते कोणत्या शब्दांत सांगायचं, इथपासून अडचण. गडचिरोलीतल्या हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदा आमटे १९७३ नंतर राहायला गेले तेव्हा त्यांना आधी माडिया शिकावी लागली, कारण रोग्याला काय होतंय हे औषधांच्या पेटीतून कळत नाही. त्यात आणखी एक शिकवण वर्षानुवर्षं मुरलेली असते. सरांनी विचारलं ‘कसं आहे रे?’ की उत्तर ठरलेलं, ‘बरं आहे सर.’ हे उत्तर सभ्यतेचं असतं, भीतीचंही असतं, आणि कधी कधी ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको’ अशा समजूतदारपणाचंही असतं. उंचीवर हे तिन्ही घातक.

त्याहून मोठी अडचण निवडीतच दडलेली असते. प्रत्येक टप्प्यावर यादी आखूड होत जाते. काल बरोबर जेवणारा मित्र आज घरी गेलेला असतो. अशा वेळी ‘काही त्रास असेल तर लगेच सांगा’ असं प्रशिक्षक कितीही प्रेमाने म्हणाला, तरी मुलं त्याच्या बोलण्याकडे बघत नाहीत, त्याने पुढे काय केलं याकडे बघतात. गुडघा दुखतो असं सांगणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी यादीतून गेलं, की उरलेल्या सगळ्यांचे गुडघे एका रात्रीत बरे होतात.

बेसबॉलने या रोगाची किंमत कोपरांमध्ये मोजली आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही, म्हणून थोडक्यात. पिचर नावाचा गडी चेंडू फेकतो, समोरचा तो बॅटने मारतो. पिचरचा हात डोक्यावरून असा काही झटक्याने येतो की कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध जवळपास तुटायच्या बेताला ताणला जातो, आणि हे एका सामन्यात शंभरेक वेळा. १९७४ साली टॉमी जॉन या पिचरचा हा अस्थिबंध गेला. तोवर याचा अर्थ कारकीर्द संपली असाच होता. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हाताची कंडरा काढून कोपरात बसवली. पुढचं दीड वर्ष जॉनने हात पुन्हा शिकवण्यात घालवलं, १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकून दिले. डॉक्टरने कोपर दिलं आणि जॉनने ते वापरायची चिकाटी दिली, यातलं कुणाचं मोठं हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. आज ही शस्त्रक्रिया टॉमी जॉनच्याच नावाने ओळखली जाते आणि तिथे ती इतकी सर्रास होते की शाळकरी पोरांचीही करावी लागते. कोपर एका दिवसात तुटत नाही. आधी दुखतं, आणि ते लपवलं जातं.

का लपवलं जातं, हे तिथल्या व्यवस्थेत बघितलं की कळतं. अमेरिकेत वरच्या पातळीवर तीस क्लब आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली धाकट्या संघांची शिडी असते, चार पायऱ्यांची, आणि शिवाय नवशिक्यांचे संघ. सेंट लुईस क्लबच्या ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत रुळवली. तयार खेळाडू महागात घेण्यापेक्षा लहान गावांतले संघ विकत घ्यायचे, तिथे पोरं वाढवायची, आणि पिकली की वर न्यायची, असा त्यांचा हिशेब. हिशेब पक्का होता, पण त्यात पिकण्याची जोखीम पोरांवर होती. बहुतेक पोरं शेवटच्या पायरीपर्यंत पोचत नाहीत. आणि कालपरवापर्यंत त्यांना मिळणारा पैसा ऐकला तर वाचकांचा विश्वास बसणार नाही. अब्जावधी डॉलरच्या या उद्योगात सर्वांत खालच्या पायरीवरच्या खेळाडूचं वर्षाचं किमान वेतन ४,८०० डॉलर होतं, आणि वरच्या क्लबच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्याचं १७,५००. पगार फक्त हंगामाच्या महिन्यांचा. एका खोलीत पाच-सहा जण जमिनीवर गाद्या टाकून झोपायचे, पाव-पीनट बटर खाऊन सामना खेळायचे आणि थंडीत दुकानांतून कामं करायचे. झोप, आहार, व्यायाम ही मात्र ‘खेळाडूची वैयक्तिक जबाबदारी’. क्लबांचे अधिकारी हे वाक्य अगदी गंभीरपणे म्हणत.

ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत त्याने कोपर दुखतं म्हणून सांगायचं तरी कसं? सांगितलं की बाहेर बसायचं, आणि बाहेर बसलेल्याची जागा घ्यायला मागे रांग उभी. तो गोळ्या घेतो आणि चेंडू टाकतो. मग एक दिवस कोपर जातं आणि क्लब म्हणतो, याने स्वतःची काळजी घेतली नाही.

बदल झाला तो कुणाच्या हृदयपरिवर्तनाने झाला नाही. गॅरेट ब्रोशस नावाचा एक धाकट्या संघातला पिचर खेळ सोडून वकील झाला आणि आपल्या जुन्या सोबत्यांच्या वेतनासाठी २०१४ साली खटल्यात उतरला. आठ वर्षांनी, २०२२ मध्ये, १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षीपासून क्लबांवर खेळाडूंच्या राहण्याची सोय करण्याचं बंधन आलं आणि सप्टेंबरमध्ये धाकट्या संघांचे खेळाडू मोठ्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले. २०२३ च्या करारात ४,८०० चे १९,८०० झाले आणि १७,५०० चे ३५,८००. क्लबांनाही एव्हाना एक साधी गोष्ट उमगू लागली होती. लाखो डॉलर बोनस देऊन घेतलेलं पोर उपाशी झोपवणं हा धंदा म्हणूनही मूर्खपणा आहे.

आपल्याकडचे दोघे या शिडीवर चढून आले आहेत. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. २००८ साली दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले, लॉस एंजेलिसला टॉम हाउस यांच्याकडे चेंडू फेकायला शिकले आणि वर्षअखेर पिट्सबर्गच्या क्लबने त्यांना करारावर घेतलं. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमधले ते पहिले भारतीय. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पटेल दोन हंगामांनंतर परतला. रिंकू बरीच वर्षं टिकला, पण दुखापतींनी त्यातली कितीतरी खाल्ली आणि शेवटी तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. वरच्या क्लबकडून दोघेही कधी खेळले नाहीत. सिनेमा अर्थातच त्याच्या आधी संपतो.

याच्या उलट टोकाला जे. डी. मार्टिनेझ आहे. ह्यूस्टन क्लबचा साधारण फलंदाज. २०१३ च्या हंगामानंतर त्याने स्वतःच्या खेळाच्या चित्रफिती बघितल्या, आपला फटका मुळातच चुकीचा आहे असं त्याला वाटलं आणि हिवाळाभर स्वतःच्या हिमतीवर त्याने तो मोडून नव्याने बांधला. परत येऊन त्याने प्रशिक्षकांना सांगितलं की मी आता वेगळा खेळाडू आहे. कुणी नीट बघितलंच नाही. सरावाच्या सामन्यांत मोजक्या संधी देऊन मार्च २०१४ मध्ये त्याला मोकळं केलं. डेट्रॉईटने घेतलं आणि त्याच हंगामात त्याने २३ होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले. पुढे २०१७ मध्ये एका सामन्यात चार मारले. वैयक्तिक जबाबदारीचं याहून चोख उदाहरण सापडणार नाही. पण मला त्यात दुसरंच दिसतं. पोराने आपलं काम केलं, खरं काय ते येऊन सांगितलं, आणि ऐकणारा कान नव्हता. ह्यूस्टनने पोसलं आणि डेट्रॉईटने कापणी केली.

सांगणं आणि ऐकणं यातलं एक तुटलं तर काय होतं, याचं सर्वांत वाईट उदाहरण अमेरिकी फुटबॉलमधलं आहे, आणि ते आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांशी फार जवळून जोडलेलं आहे. सप्टेंबर २००६ मध्ये टेक्सासच्या राइस विद्यापीठात डेल लॉइड हा एकोणीस वर्षांचा खेळाडू सरावात शंभर-शंभर यार्डांच्या सोळा धावा धावला, कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो सिकलसेलचा वाहक होता. त्याला ते माहीत नव्हतं, प्रशिक्षकांनाही नव्हतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा शब्द शाळकरी मुलांनाही कळतो. तांबड्या पेशींचा हा आनुवंशिक दोष गोंड, माडिया आणि इतरही समाजांत बऱ्यापैकी आढळतो. आई आणि वडील दोघांकडून आला तर मूल रुग्ण, एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाचं आयुष्य अगदी सर्वसाधारण असतं, त्याला एरवी काही त्रास नसतो. पण अतोनात श्रम, ऊन आणि पाण्याची कमतरता एकत्र आली, किंवा खूप उंचीवर ऑक्सिजन घटला, तर क्वचित पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. स्नायू विरघळू लागतात किंवा प्लीहेला इजा होते. लॉइडच्या मृत्यूनंतर २०१० पासून अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठ क्रीडास्पर्धांमध्ये ही तपासणी आली. वाहकाला खेळातून काढा असं तिथले नियम म्हणत नाहीत. त्याला स्वतःच्या गतीने धावू द्या, दोन धावांच्या मध्ये विसावा द्या, पाणी द्या, आणि तो थांबतो म्हणाला की थांबू द्या, एवढंच म्हणतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी सैन्यातल्या जवळपास ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यू जास्त आढळले नाहीत, स्नायू विरघळण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. अर्थ सरळ आहे. वाहक असणं हे अपात्रतेचं कारण नाही. ते सांगता येणं मात्र अत्यावश्यक आहे. ‘वाहक’ शिक्क्यावरून मुलं वगळायला सुरुवात केली, तर पुढच्या वर्षी तपासणीची सगळी कार्डं घरी विसरलेली असतील.

परत मिशन शौर्यकडे. राज्य शासनाने माथ्यावर पोचलेल्या पाच जणांना प्रत्येकी २५ लाख रुपये जाहीर केले, ते सगळ्यांना आठवतं. न पोचलेल्या पाच जणांनाही प्रत्येकी १० लाख जाहीर झाले, ते फारसं कुणाला आठवत नाही. सरकारी निर्णयांचं कौतुक करायची मला सवय नाही, पण या दुसऱ्या आकड्यात खेळाडू घडवण्याची जी समज आहे ती रिकींच्या हिशेबात नव्हती. एव्हरेस्टवर मागे फिरणं हा पराभव नसतो. कित्येकदा तेच सर्वांत अवघड आणि सर्वांत शहाणं पाऊल असतं, कारण माथा समोर दिसत असतो आणि विरळ हवेत डोकं नीट चालत नसतं. मागे फिरणाऱ्याच्या हाती काहीच पडणार नाही असं असेल तर पोर फिरणार नाही. पुढच्या वर्षी दुसरी मोहीम निघाली, तिच्यात राज्याच्या इतर आदिवासी भागांतली मुलंही होती. त्यांच्यापुढे पाच शिखरवीरांचा दाखला होता, तसाच सुखरूप परतलेल्या पाच जणांचाही होता. २५ आणि १० यांत १५ लाखांचं अंतर राहतंच, आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोराला ते दिसतंही. तरी १० हा आकडा शून्य नाही.

मोहिमा दहा-वीस जणांच्या असतात. या भागात तरुण शरीरांची खरी मोठी घडण दुसरीकडेच चालते, आणि तिला कुणी क्रीडाविकास म्हणत नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे किंवा आल्लापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे बघा. पोरंपोरी धावत असतात, पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांची शारीरिक चाचणी, आणि सेकंदासेकंदावर गुण. उमेश यादवची कथा इथल्या प्रत्येक धावणाऱ्याला माहीत आहे. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, पोलीस भरतीत दोन गुणांनी हुकला, टेनिस चेंडूवरून विशीत चामड्याच्या चेंडूवर आला, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. कथा सांगताना लोक दोन गुणांवर थांबतात. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने या कच्च्या, दिशाहीन पण वेगवान पोरावर भरवसा टाकला, हा भाग घाईत उरकला जातो.

पहाटे धावणाऱ्यांना गंधे भेटतोच असं नाही. गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’तून भरतीपूर्व प्रशिक्षण मिळतं, काही गावांत निवृत्त जवान पोरांना गोळा करतात. बाकीचे एकेकटे धावतात, डांबरावर, झिजलेल्या बुटांत. नडगीच्या आतल्या कडेला दुखणं सुरू होतं. हे भरतीच्या पोरांचं नेहमीचं दुखणं. दोन आठवडे कमी धावलं, मातीवर धावलं तर बहुधा थांबतं. तसंच रेटलं तर हाडाला बारीक चीर जाते आणि मग तीन महिने गेले. भरती मात्र वर्षावर्षाने निघते, वयाची अट असते, आणि घरच्यांनी तोवर वाट बघितलेली असते. पोर चिंधी बांधून धावतं.

इथे कुणी मोठी प्रबोधिनी उभारायला हवी असं मी म्हणत नाही. उभारली तर चांगलंच, पण तिची वाट बघत बसण्याचं कारण नाही. पोरं गोळा करणारा जो कुणी असेल, त्याने एक वही ठेवावी आणि रोज धावण्याआधी प्रत्येकाला विचारावं की काल कुठे दुखलं, आणि ज्याचं दुखलं त्याला घरी न पाठवता त्या दिवशी गोळाफेक करायला लावावी. गुण तिथेही आहेत. आणि सिकलसेलचं कार्ड मागून घ्यावं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायचं ठरलं, तेव्हा ते अनेकांकडे असेल, नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. वाहक निघाला तर चारशे-चारशे मीटरच्या तुकड्यांमध्ये त्याला इतरांपेक्षा मिनिटभर जास्त बसू द्यावं, आणि का बसवलं हे बाकीच्यांनाही सांगावं, म्हणजे त्याला कुणी कामचुकार म्हणणार नाही.